माळावरचा कॅमेरा आणि गावचा सुतार



सोलापुराहून बार्शीच्या रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. आजूबाजूला उघडा माळ, गुडघाभर कुसळी गवत, मधूनमधून ज्वारीची आणि करडईची शेते. नव्या पाहुण्याला वाटते, इथे पाहायचे ते काय? पण याच मुलखासाठी १९७९ साली, सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर हे दोन जिल्हे मिळून, सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावेच्या गावे आणि शेतेच्या शेते येत होती, म्हणून पुढे ते पुष्कळ आकसले. आता ते बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. पक्षी तर त्याहूनही आकसला. आज नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. साऱ्या देशाच्या रानांत मिळून तो दीडशेच्या आसपास उरला असावा असे जाणकार म्हणतात, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत.

माळढोक म्हणजे मीटरभर उंचीचा, भारदस्त चालीचा पक्षी. नराचे वजन दहा-पंधरा किलो भरते. मादी एका विणीला बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. एवढा मोठा पक्षी, पण पायी येणारा माणूस दिसला की लांबूनच वाट बदलतो. आता मला सांगा, अशा पक्ष्याची तसबीर काढायची कशी?

आज मी याच विषयावर बोलणार आहे. रानातल्या पशुपक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी जी खास अवजारे लागतात, ती कशी घडवावीत? तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या पैसेवाल्यांचे वेड. आमच्या खेड्यात त्याचे काय काम? तसे नाही हो. कॅमेरा विकत आणावा लागतो हे खरे, पण त्याच्याभोवतीचा निम्मा सरंजाम गावचा सुतार, लोहार, शिंपी आणि शहरातला एखादा टर्नर करून देऊ शकतो. आणि दुकानातून आणलेल्या सरंजामापेक्षा तो पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो, कारण तो आपल्या माळासाठी केलेला असतो. फक्त घडवताना एक गोष्ट मनात पक्की धरावी लागते. ती मला एका टिटवीने शिकवली. त्या टिटवीची हकीकत पुढे सांगतो. आधी थोडे गणित करू.

शिक्षकबंधूंनो, हे गणित तुम्ही सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर घालू शकाल. कॅमेऱ्याच्या भिंगाला एक नाभीय अंतर असते. दूरच्या वस्तूची कॅमेऱ्यातली प्रतिमा किती मोठी पडेल? वस्तूच्या उंचीला नाभीय अंतराने गुणा आणि वस्तूच्या अंतराने भागा. माळढोक एक मीटर उंच, तो आपल्यापासून शंभर मीटरवर, आणि भिंग नेहमीचे, पन्नास मिलिमीटरचे. उत्तर काय येईल? अर्धा मिलिमीटर! जुन्या पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मची चौकट चोवीस मिलिमीटर उंच असते. त्या चौकटीत अर्ध्या मिलिमीटरचा माळढोक म्हणजे पांढऱ्या धोतरावर पडलेला शाईचा ठिपका. पाचशे मिलिमीटरचे लांब भिंग लावले तर तोच पक्षी पाच मिलिमीटरचा होतो. अर्धी चौकट भरावी, म्हणजे बारा मिलिमीटरची प्रतिमा मिळावी, असे वाटत असेल तर त्याच भिंगाने सुमारे बेचाळीस मीटरवर जावे लागते. म्हणजे वाटा दोनच: भिंग लांब करा, नाहीतर स्वतः जवळ जा. दोन्ही वाटांवर खाचखळगे आहेत.

आधी लांब भिंगाची वाट घेऊ. भिंग जितके पट पक्षी मोठा करते तितके पट हाताचा कंपही मोठा करते. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा की, हातात धरून पाचशेच्या भिंगाने फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून अधिक वेळ उघडा राहू नये. पहाटेच्या अंधूक उजेडात एवढा थोडा वेळ पुरत नाही. मग टेकू हवा. तिपाई पुष्कळांना ठाऊक आहे. पण माळावर झोपून फोटो काढणाऱ्याला सर्वांत उत्तम टेकू कोणता, सांगू? जाड कापडाची पायलीभर ज्वारी मावेल अशी पिशवी. ती पाऊणच भरायची, गच्च भरायची नाही. दगडावर, बांधावर, गाडीच्या साट्यावर ती टाकली आणि तीवर भिंग ठेवले की दाणे सरकून भिंगाच्या आकाराचा खळगा पडतो आणि भिंग त्यात बसते. जगभरचे वन्यजीव-छायाचित्रकार अशी पिशवी वापरतात. प्रवासात ती रिकामी नेतात आणि मुक्कामाच्या गावी धान्य घेऊन भरतात. आपल्याकडे मालदांडीला तोटा नाही. काम झाले की पुन्हा कणगीत!

तिपाईच करायची झाली तर लोहाराला आणि टर्नरला एक माप सांगून ठेवा. कॅमेऱ्याच्या बुडाशी जे भोक असते त्याचे आटे जगभर बहुधा एकच असतात: पाव इंची, इंचाला वीस आटे. मोठ्या अवजड भिंगांना तीन-अष्टमांश इंची, इंचाला सोळा आटे. बाजारातला पाव इंची साधा व्हिटवर्थ बोल्टही पुष्कळदा त्यात बसतो. मात्र बोल्ट लांब नको. वीतभर बोल्ट आवळत बसाल तर कॅमेऱ्याचे बूड फोडाल.

सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग करणारी लेथची छोटी दुकाने पुष्कळ आहेत. एका कंपनीचे जुने भिंग दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला जोडायचे असेल तर मधे लागणारे कडे असा टर्नर कातून देतो. इथे त्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागते. भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ठरलेले असते. कडे नुसते अर्धा मिलिमीटर जाड झाले तरी जवळचे स्वच्छ दिसेल आणि लांबचा डोंगर काही केल्या स्पष्ट होणार नाही. कडे किंचित पातळ झाले तर चालते, जाड झालेले चालत नाही. मागाच्या धोट्याला जो नेमकेपणा लागतो तो ज्याच्या हाताला आहे, त्याला हे सांगायला दोन वाक्ये पुरतात.

आणि लांब भिंग फिरवायचे कसे? ते नुसते तिपाईवर आवळले तर पक्षी उडाला की आपण स्क्रू सोडत बसतो. त्यावर तोड म्हणजे पाळणा. बाळाचा पाळणा दोन टोकांना टांगलेला असतो, म्हणून बोटाने ढकलला तरी झुलतो आणि सोडला की आपला आपण स्थिर होतो. तसेच भिंग त्याच्या तोलाच्या बिंदूवर, दोन बेअरिंगांच्या आधाराने, लोखंडी पट्टीच्या चौकटीत टांगायचे. पाच किलोचे धूड करंगळीने फिरते. कारखान्यांत तयार होणारे असे पाळणे फार महाग असतात. तत्त्व मात्र आपल्या घरातल्या आढ्याला टांगलेलेच आहे.

पण श्रोतेहो, एका गोष्टीपुढे कोणाचेच यंत्र चालत नाही. चैत्र-वैशाखात सकाळी नऊनंतर माळ तापतो, जमिनीलगतची हवा थरथरू लागते, आणि मृगजळ दिसते. त्या हवेतून येणारा उजेड वाकडातिकडा होऊन येतो. मग भिंग लाखाचे असो की हजाराचे, पक्षी पाण्यात बुडवून काढल्यासारखा दिसतो. भिंग जितके लांब तितका हा दोष जास्त. त्यावर इलाज एकच: तांबडे फुटायच्या आत जागेवर बसणे. हा इलाज कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

आपल्या मराठी मुलखात कॅमेऱ्याशी अशी झटापट करणारी माणसे पूर्वीही होऊन गेली आहेत. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांना आपण ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ च्या चित्रपटामुळे ओळखतो. पण त्याच्या आधी, १९१२ साली, त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेतले. ती चित्रे भराभर दाखवली तेव्हा मिनिटाभरात बी उगवून वेल चढताना लोकांनी पाहिला. ‘अंकुराची वाढ’ असे त्या छोट्या चित्राचे नाव. कॅमेरा विलायतेहून आणलेला होता. महिनाभर तो एका जागी, एका मापात ठेवण्याची युक्ती आणि चिकाटी मात्र इथलीच.

तिकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलत बंधू आनंदराव यांनी तर कॅमेराच घरी घडवण्याचा ध्यास घेतला. घराण्यात सुतारकाम-लोहारकामाची परंपरा होती. आनंदराव १९१६ साली वारले. पण बाबूरावांनी दामले यांच्यासारख्या शिष्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास आपला चलच्चित्राचा कॅमेरा पुरा केला. मद्रासकडचे एम. कृष्णन हे निसर्गलेखक निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग जुळवून स्वतःचे एक अवजड यंत्र करून घेत. त्या यंत्राला त्यांनी थट्टेने ‘सुपर पॉन्डेरोसा’ असे नाव दिले होते. ते घेऊन ते हत्तींच्या मागे रानोमाळ हिंडत. सांगायचा मुद्दा असा की, ज्याला आपले काम नेमके ठाऊक असते तो दुकानातली वस्तू जशीच्या तशी वापरत नाही. आपला शेतकरी तरी तिफण आणली तशी कुठे वापरतो? दोन फणांतले अंतर आपल्या जमिनीप्रमाणे करूनच घेतो की!

आता ती टिटवीची गोष्ट.

त्या वेळी मी सोलापूरजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. जुना कॅमेरा मिळालेला, उत्साह मोठा. माळावर टिटवीने चार अंडी घातलेली मुलांनी दाखवली. टिटवी घरटे बांधत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. चार खडे सारून खडबडीत जमिनीवरच अंडी घालते, आणि अंड्यांचा रंग असा की पाय पडेल तरी दिसणार नाहीत. माझे भिंग लहान. तेव्हा मी दुसरी वाट धरली, म्हणजे जवळ जाण्याची. सुताराकडून पत्र्याचे छत असलेली एक फळ्यांची पेटी करून घेतली. आत माणूस बसेल एवढी, समोर भिंगापुरते भोक. रान म्हणजे हिरवे, असे पुस्तकात वाचलेले, म्हणून तिला छान हिरवा तेलरंग दिला. मे महिन्यातल्या सोलापूरच्या माळावर हिरवा रंग! पण तेव्हा सुचले नाही.

सकाळी नऊला मी ती पेटी अंड्यांपासून बारा पावलांवर नेऊन ठेवली आणि आत बसलो. टिटवी वर घिरट्या घालीत ओरडत राहिली. मला वाटले, बसेल थोड्या वेळाने. अकरा वाजले. शेवटी ती एकदा खाली उतरली, अंड्यांच्या चार हात अलीकडे उभी राहिली, मी खटका दाबला, त्या आवाजाने ती पुन्हा उडाली. मला फोटो मिळाला. मी आनंदाने घरी आलो.

चार दिवसांनी गेलो तर अंडी तशीच आणि टिटवी नाही. शेजारी एक म्हातारा धनगर मेंढरे चारीत होता. तो म्हणाला, “मास्तर, फोटू घावला का?”

मी म्हटले, “हो, घावला.”

“बरं झालं. पर अंडी करपली की वो. उनात ती बसून राहती ती का उगंच? पाण्यावर जाती, प्वाट भिजवून येती, आन् अंडी गार करती. तुमी दोन तास तिला बसू दिलं न्हाई.”

मला त्याच्याकडे बघवेना. मी विज्ञानाचा शिक्षक. टिटवी पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंड्यांना थंडावा देते, हे पुढे मी पक्षिशास्त्राच्या पुस्तकात वाचले. त्या माणसाला ते आधीच ठाऊक होते. मी विचारले, “बाबा, तुम्ही तर रोज तिच्या जवळून जाता. तुम्हाला ती भीत नाही?”

तो म्हणाला, “मेंढराला भीत न्हाई, माज्या घोंगड्याला बी न्हाई. ती तुमच्या त्या चकाकत्या पेटीला भ्याली. काल न्हवतं ते आज कुठनं आलं, म्हून भ्याली.”

श्रोतेहो, टिटवीने समुद्र आटवला असे आपण म्हणतो. माझ्या शहाणपणाचा समुद्र तर तिने त्या दिवशी आटवलाच. तिने शिकवलेली गोष्ट ही: रानातल्या कॅमेऱ्याचे अवजार छायाचित्रकाराच्या सोयीसाठी नसते, ते त्या प्राण्यासाठी असते. त्याच्यासमोर ते असून नसल्यासारखे झाले तरच ते साधले. फोटो निघाला आणि अंडी करपली, तर ते अवजार नापास.

मग मी आणि त्याच सुताराने दुसरे लपण केले. त्याची कृती सांगतो, कारण ती कोणालाही जमेल. चार वेळू, माणूस बसल्यावर डोके टेकणार नाही एवढ्या उंचीचे. त्यांवर जुने गोणपाट, माळाच्या मातीत भिजवून वाळवलेले, म्हणजे रंग आपोआप जुळतो. आतून काळे कापड; नाहीतर पाठीमागचा उजेड येऊन आपली सावली बाहेर दिसते. कापड खुंट्यांना ताठ आवळायचे; वाऱ्याने ते फडफडले की सगळे केले ते फुकट. भिंगाच्या भोकाला जुन्या सदऱ्याची बाही शिवायची आणि भिंग तीतून बाहेर काढायचे. मग भिंग फिरवले तरी फट पडत नाही. कॅमेऱ्याचा खटका वाजू नये म्हणून त्याला गोधडीच्या तुकड्यांनी अस्तर लावलेल्या लाकडी पेटीत बसवायचे. आणि पेटी न उघडता खटका दाबण्यासाठी काय वापरले असेल? सायकलच्या ब्रेकची तार! एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला खटक्यावर येणारा खिळा. खर्च काहीच नाही म्हणा ना.

पण सगळ्यांत मोठा भाग लपणाच्या कापडात नव्हता, तो दिवसांत होता. पहिल्या दिवशी लपण साठ पावलांवर उभे केले आणि लगेच निघून आलो. दुसऱ्या दिवशी दहा पावले पुढे. पक्षी अस्वस्थ दिसला तर पुन्हा मागे. असे करत आठवड्याने ते वीस पावलांवर आले, आणि तिथेच थांबलो. मी आत शिरताना बरोबर एक मुलगा न्यायचा. मी आत बसलो की तो मोठमोठ्याने बोलत परत जायचा. दोन आले, एक गेला, एक उरला, हा हिशेब पक्ष्याला जमत नाही. हा डाव छायाचित्रकारांत फार जुना आहे. आणि वेळ ठरवून टाकली: पहाटे शिरायचे, ऊन चढायच्या आत बाहेर.

इंग्लंडात यॉर्कशायरचे रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ होऊन गेले. पक्षी गुराढोरांना भीत नाहीत हे पाहून त्यांनी १९०० च्या सुमारास एक पोकळ बैल केला: लाकडी सांगाडा, वर खरे कातडे, पोटात माणूस आणि कॅमेरा. आपण हसतो, पण त्या बैलाचे तत्त्व आपल्या धनगरबाबाच्या घोंगडीचेच होते. माळढोकाचीही गोष्ट अशीच आहे. पायी येणाऱ्या माणसाला तो लांबूनच चुकवतो, पण बैलगाडीला तितका भीत नाही. दुर्दैवाने हे गुपित आधी शिकाऱ्यांना कळले, आणि गाडीच्या आडून पुष्कळ माळढोक मारले गेले. तेच ज्ञान बंदुकीला दिले तर पक्षी मरतो, कॅमेऱ्याला दिले तर त्याची नोंद राहते. आणि कॅमेऱ्यालाही ते सांभाळूनच द्यावे लागते.

आता एक पाऊल पुढे जाऊ. माणसालाच तिथून काढून टाकता येईल का? एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे एक वनाधिकारी १९२० नंतरच्या वर्षांत संयुक्त प्रांतातल्या जंगलात होते. वाघाच्या वाटेवर ते कॅमेरा लावीत आणि आडवी तार बांधीत. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की चूर्णाचा झगझगीत उजेड पडे आणि वाघ आपला फोटो आपणच काढून जाई. १९२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, हेही त्यांनी त्या चित्रांवरून दाखवले.

आज तारेच्या जागी अवरक्त किरणांचा संवेदक आला आहे. समोरून आसपासच्या हवेपेक्षा उष्ण असे काही हलले की कॅमेरा आपोआप चालतो. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक चित्रे टिपली आणि त्यांत ७६,६५१ चित्रे वाघांची होती.

हे दूरचे वाटते ना? मग जवळचे सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात अशाच एका कॅमेऱ्याने वाघ टिपला. बालाघाटाच्या या बाजूला वाघ! पुढे आपल्या बार्शी तालुक्यातही त्याचा वावर झाला. अशा वेळी गावात काय होते हे तुम्ही जाणता. एकाला दोन वाघ दिसतात, दुसऱ्याला चार, तिसरा म्हणतो कोणीतरी आणून सोडला. पण चित्रातले पट्टे जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, आणि तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ निघाला. शेते, रस्ते, वस्त्या ओलांडत तो शेकडो किलोमीटर चालत आला होता. एका चित्राने अफवांचे मूळ उपटले. भीती पुरती गेली नाही. जनावरे बांधलेल्या शेतकऱ्याची ती जाणारही नाही. पण वाघ एक आहे आणि तो कुठला, एवढे तरी पक्के कळले.

मात्र हे यंत्रही सोलापूरच्या मापाने बसवावे लागते. संवेदक उष्णतेतला फरक पाहतो. मे महिन्यात दुपारी हवा, जमीन आणि जनावराचे अंग यांचे तापमान जवळजवळ सारखे होते. मग समोरून लांडगा गेला तरी यंत्र आंधळेच. उलट तापलेले गवत वाऱ्याने डोलले की ते गवताचे शेकडो फोटो काढते. म्हणून समोरचे गवत दूर करावे, कॅमेऱ्याचे तोंड उगवतीला वा मावळतीला करू नये, आणि जनावराच्या अंगाच्या मापाने उंची ठेवावी. वाघासाठी साधारण गुडघ्याएवढी लागते. वाघाच्या दोन कुशींचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे. माळावर झाड नसते, तेव्हा खांब आपणच रोवावा लागतो. आणि मेंढरे त्याला अंग घासणार, हे धरूनच तो रोवावा लागतो. पुस्तकात हे वाक्य सापडणार नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुम्ही शाळेत काय कराल? खर्चाचे काही नको. एका खोक्याला टाचणीने भोक पाडा, समोरच्या बाजूला तेल लावलेला कागद चिकटवा. उलटे झाड कागदावर पाहून मुलांना कॅमेरा कळेल. शाळेच्या कोपऱ्यात पाण्याचे परळ ठेवा. तिथे चिमण्या, बुलबुल येऊ लागले की गोणपाटाचे लपण करा आणि रोज चार पावले पुढे सरकवा. रोजच्या वहीत लिहायला लावा: आज किती पावलांवर पक्षी बिचकला? महिन्याने त्या वर्गाला भूमितीही येईल आणि संयमही. घरट्याजवळ मात्र कोणालाच नेऊ नका. अभयारण्यात शिरायचे तर वनखात्याची परवानगी घ्या. माळढोक हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत संरक्षिलेला पक्षी आहे.

हे मुद्दाम सांगतो, कारण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. माळावर कोल्ह्याची पिले दिसली, लांडग्याचे बीळ सापडले, की मोटरसायकली धावतात आणि संध्याकाळपर्यंत ती चित्रे गावोगाव पोचतात. ती काढणारी पोरे वाईट नसतात. हिरवी पेटी घेऊन गेलेला मीही वाईट नव्हतो. पण टिटवी पुढच्या विणीला पुन्हा चार अंडी घालू शकते. माळढोकाची मादी बहुधा एकच घालते, आणि अशा मादा किती उरल्या आहेत ते मी सुरुवातीलाच सांगितले.

त्या पुढच्या उन्हाळ्यात माळावर पुन्हा टिटवी बसली. या वेळी वीस पावलांवर मातकट गोणपाट होते आणि आत मी. सूर्य उगवला, टिटवी पाण्यावर जाऊन आली, पोटाची पिसे ओली, आणि अंड्यांवर अलगद टेकली. मी ब्रेकची मूठ दाबली. तिने मान वळवली नाही. त्या विणीची चारांपैकी तीन पिले निघाली. धनगरबाबांनीच मला ते येऊन सांगितले. फोटो कसा आला हे काही त्यांनी विचारले नाही.